जनाना डब्यातली सोबत

भारी धान कापणीला आलं की हवेत एक कोरडा, गोडसर वास भरतो. सकाळी खिडकी उघडली की आधी तो वास आत येतो, मग उजेड. या वर्षी त्याच्या मागोमाग हार्वेस्टरची घरघरही आली. पूर्वी पंधरवडाभर चालणारी कापणी ते यंत्र एका दुपारीच उरकून जातं. मी ओसरीवर खुर्ची टाकून कौतुकानं बघत बसते. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मात्र ते वाटेल तसं विस्कटून टाकतं, आणि विस्कटलेलं मला बघवत नाही. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर माझ्या या सवयीची चेष्टा केली. आता ते नाहीत, म्हणून तणसाकडे बघून मी एकटीच चुकचुकते.

ईरा, निहार, तुम्ही दोघं भावंडं तिकडे बर्फात राहता, तेव्हा सांगायला हवं. आमच्याकडे धान दोन तऱ्हेचं. हलकं धान लवकर पिकतं आणि दिवाळीच्या आगेमागे घरात येतं. भारी धानाला वेळ लागतो. ते थंडी खातं, दव पितं, आणि शेजारच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या झाल्या तरी उभंच राहतं. माझं लग्नाचं वय गावाच्या हिशेबानं उलटून चाललं होतं, तेव्हा लोक बाबूजींना टोचून विचारत, "काऊन जी, पोरीचं कधी करता?" बाबूजी धोतराचा सोगा झटकत आणि म्हणत, "आमची पोरगी हलकं धान नाई, भारी धान हाय. वेळ लागते." माय आत कपाळावर हात मारायची. मला मात्र ते वाक्य दागिन्यासारखं वाटायचं.

या दिवाळीत तुम्ही दोघं आलात आणि ईरानं लॅपटॉपवर मला एक सिनेमा दाखवला. एक बाई पाठीवर पिशवी घेऊन एकटीच निघते. माळ येतो, डोंगर येतो, समुद्र येतो. ती कोणाशी फारसं बोलत नाही. वारा वाहतो, ती चालते, थांबते, पाण्यात पाय बुडवून बसते. शेवटी एका कड्यावर उभी राहून हसते आणि संपतं. निहार अर्ध्यातच घोरायला लागला. ईरा माझ्याकडे बघत होती.

"कंटाळलीस ना आजी?"

"नाही गं. चांगला होता."

"मग इतकी गप्प का?"

"मी तिची सोबत शोधत होते."

ईरा खूप हसली. म्हणाली, "आजी, सोबत नाही हाच तर सिनेमा आहे!"

ती गेल्यापासून ते वाक्य माझ्या मागे लागलं आहे. त्यात आता कळलं की जानेवारीत तीसुद्धा अशीच पिशवी घेऊन एकटी डोंगरात चालायला जाणार आहे, आणि तिची आई रोज मला फोन करून म्हणते, "तुम्ही तरी समजवा." समजवण्याऐवजी मी हे लिहिते आहे. मीही एकदा एकटी निघाले होते. म्हणजे निघताना एकटी नव्हते, निदान तसं सगळ्यांना वाटलं होतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचं ते भारी धान. लढाई संपली होती, पण कापड आणि रॉकेल अजून मिळता मिळत नव्हतं. मी नागपूरला मामांकडे राहून इंग्रजी मॅट्रिक झाले होते आणि आमगावला घरी बसले होते. घरी बसणं हा शब्द बरोबर आहे. मी पुस्तकांना कव्हरं घालायची, ती काढायची, पुन्हा घालायची. अशात राजनांदगावच्या एका मुलींच्या शाळेचं बोलावणं आलं. तिथल्या इंग्रजी शिकवणाऱ्या बाई लग्न होऊन गेल्या होत्या. कमिटी एका ठरल्या दिवशी बसणार होती, दुपारी. त्या दिवशी समोर उभी राहीन तर जागा माझी व्हायची शक्यता होती. नाही तर दुसरी एक बाई होतीच.

आणि नेमके ते दिवस कापणीचे. आमच्या बांध्यांत धान कापून पडलं होतं. कापलेल्या धानाच्या त्या ओळींना आमच्याकडे कडपा म्हणतात. कडपा वाळल्या की भारे बांधायचे, भाऱ्यांचं पुंजणं रचायचं, मग काळजी मिटते. पण आभाळात ढग यायला लागले होते. कडपांवर पाणी पडलं की दाणा तिथल्या तिथे अंकुरतो, वर्ष हातचं जातं. बाबूजी सकाळ-संध्याकाळ वर बघत. अशा वेळी मला पोचवायला बांधी सोडून कोण येणार? भाऊ मला नव्हता. मामा नागपूरला तापानं पडले होते. मायला मजुरांची भाकर-भाजी होती.

तोवर मी कधी एकटीनं गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. नागपूरला जाताना मामा घ्यायला येत, परतताना मामा पोचवायला येत. इंग्रजीत मला शेक्सपियरच्या काळाचं व्याकरण कळत होतं, पण आमगाव स्टेशनवर तिकिटाची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते माहीत नव्हतं.

रात्री जेवताना बाबूजी म्हणाले, "डोंगर-जंगलातून डोंगरगडपर्यंत सोबत भेटली तं जाजो, पुढं सपाट मुलूख हाय. नाई भेटली तं नाई."

"आणि वाटेत सोबत सुटली तर?"

मास्तरीण होण्याआधीपासूनच मला असे प्रश्न विचारायची खोड होती. बाबूजींनी ताटातला शेवटचा घास संपवला.

"सोबत सुटली तं पुढं जायचं नाई. जठी सुटली तठून वापस. बोल, कबूल?"

मी कबूल म्हटलं. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. बाबूजींनी मला शिकवलं त्यापायी गावाचं ऐकून घेतलं होतं. त्यांचा शब्द मोडून मला काही मिळवायचं नव्हतं.

सोबत मिळवायची त्या काळची रीत तुम्हाला मजेची वाटेल. घरची बाई एकटी निघाली की तिचा माणूस फलाटावर उभा राहून जनाना डब्याच्या खिडक्यांतून डोकवायचा. आत एखादी पोक्त बाई दिसली की तिच्या माणसाला गाठायचा. कुठपर्यंत, कोणाकडे, कोणतं गाव, अशी चौकशी व्हायची. दोघांचं पटलं की बाई सोपवली जायची. पुढे त्या दोघी एकमेकींना आयुष्यात भेटायच्या नाहीत, पण तेवढ्या प्रवासापुरतं नातं पक्कं.

त्या सकाळी फलाटावर गारठा होता. बाबूजी बांधीतूनच आले होते. त्यांच्या पायांना चिखल होता आणि लक्ष अर्धं आभाळात. जनाना डब्याच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, कपाळावर गोंदलेलं, मांडीवर गाठोडं. खाली तिचा मुलगा उभा होता. तोही बांधीतूनच आलेला, त्याचंही लक्ष आभाळात. मी जवळच होते, त्यामुळे दोघांचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

बाबूजी म्हणाले, "तुमची म्हातारी डोंगरगडले जाऊन राहिली का जी?"

"हो जी. बहिनीले बाळ झालं. तिले भेटाले."

"आमची पोरगी पन तिकडंच जाऊन राहिली. मंग सोबत होईल."

"होईल ना जी! सोबतच होईल. आता काई चिंता नाई."

दोघांचेही चेहरे एकदम सैल झाले. दोघांनी एकमेकांना तंबाखू दिला. गाडीनं शिटी दिली, बाबूजींनी माझी ट्रंक आत सरकवली, आणि ते दोघे बांधीकडे निघाले ते गाडी हलायचीही वाट न बघता. लांबून दिसत होतं, ते चालता चालता वर बोट दाखवून ढगांविषयी बोलत होते.

म्हातारीचं नाव कौतिकाबाई. बाकाखाली तिची टोपली होती आणि टोपलीत एक जिवंत कोंबडी. बाळंतिणीसाठी. मी आदरानं समोर बसले. ती मोठी, माझी सोबत, म्हणून ती बोलेल तेव्हा बोलायचं असं मी ठरवलं. तीही गप्प. खिडकीची सळई तिनं दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर कापलेल्या बांध्या मागे जात होत्या. कुठे पुंजणं रचून झालेलं, कुठे बाया ओळीनं वाकलेल्या. दूर कुठल्यातरी गावात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, मांडव उभा राहत होता. मी बघत होते आणि मनात कमिटीसमोर बोलायची वाक्यं लावत होते.

सालेकसा गेलं. डोंगर जवळ यायला लागले, तेव्हा कौतिकाबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोरी, डोंगरगड आलं का मले सांगजो व माय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी सांगू? तुम्हीच मला सांगणार ना?"

"मी काऊन सांगू? मी कधी गाडीत बसली काय?" तिनं सळईवरचा एक हात काढून माझ्याकडे केला. "माह्या पोरानं सांगतलं, शिकेल पोरगी हाय, तुले नेऊन देईल."

"पण बाबूजी तर म्हणाले, तुमच्या सोबतीनं जायचं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मग तिच्या बिनदाताच्या तोंडातून हसू फुटलं.

"म्हंजे तुया बापानं माह्या पोराले फसवलं!"

"नाही हो, तुमच्या मुलानं माझ्या बाबूजींना!"

कोंबडीसुद्धा बाकाखालून ओरडली. आम्ही पोट धरून हसलो. आणि हसता हसता मीच थांबले. कारण सोबत सुटली नव्हती, ती मुळातच नव्हती. आणि नसेल तर पुढं जायचं नाही, हा माझा शब्द होता.

गाडी दरेकशाला थांबली. लहानसं स्टेशन, चहूकडे जंगल, फलाटावर सागाची मोठी वाळकी पानं उडत होती. इथे गाडी जरा वेळ थांबायची. मी ट्रंक ओढत दारापर्यंत आणली. परतीची गाडी इथेच मिळाली असती, संध्याकाळच्या आत मी घरी. बाबूजी एक शब्द बोलले नसते. राजनांदगावच्या कमिटीनं त्या दुसऱ्या बाईला घेतलं असतं आणि मी पुन्हा पुस्तकांना कव्हरं घालायला बसले असते. हे सगळं मला त्या दारात अगदी स्वच्छ दिसलं.

गार्ड फलाटावरून ओरडत येत होता, "जनाना! खिड़की बंद करो, आगे बोगदा है!" मला दारात बघून थांबला. "उतरना है क्या, बाई? उतरना है तो जल्दी उतरो."

मागून कौतिकाबाईचा आवाज आला. हसणं संपलं होतं. ती अगदी हळू म्हणाली, "तू उतरून राहिलीस? मंग माही सोबत कोन?"

शाळेत मला वाक्य सोडवून दाखवायला फार आवडे. कर्ता कोण, कर्म कोणतं, कोण कोणावर अवलंबून. मी त्या दारात बाबूजींचं वाक्य सोडवायला घेतलं. सोबत होईल. कोणाची कोणाला, ते वाक्यात नव्हतंच. दोन माणसांनी ते वाक्य आपापल्या बाजूनं ऐकलं होतं आणि दोघांनी बरोबरच ऐकलं होतं. सोबत असल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढाच माझा शब्द. मग सोबत तर होती. ती आमच्या दोघींत होती, आणि दोघींपैकी कोणाला तरी ती करायची होती.

"नहीं उतरना," मी गार्डला म्हटलं. ट्रंक पुन्हा बाकाखाली सरकवली, कोंबडीच्या टोपलीला लावून नीट ओळीत. मग उठून डब्यातल्या सगळ्या खिडक्या लावल्या. एक अडकून बसली होती, ती कौतिकाबाईच्या गाठोड्यातल्या लाटण्यानं ठोकून बसवली. लेकीसाठी ती लाटणंही घेऊन निघाली होती!

बोगदा आला. भर सकाळी एवढा काळोख मी कधी पाहिला नव्हता. धूर फटींतून आत आला, चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला. कौतिकाबाईनं माझा हात असा धरला की बांगडी मनगटात रुतली.

"मेलो का व आपन?"

"नाही हो. डोंगराच्या पोटातून चाललोय. आता उजेड येईल."

मला तरी कुठे माहीत होतं? मीही पहिल्यांदाच जात होते. पण तो आवाज माझ्या तोंडातून निघाला तो असा ठाम, असा शांत, की मी स्वतःच अंधारात कान देऊन ऐकला. हा आवाज माझ्यात होता हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पुढे शेकडो मुलींनी तो ऐकला. काही जणी अजून म्हणतात, बाई, तुम्ही वर्गात आलात की आम्ही आपोआप सरळ बसायचो. तो त्या बोगद्यातला आहे.

उजेड आला तेव्हा कौतिकाबाईनं डोळे उघडून मला न्याहाळलं. "नाक कारं झालं तुयं, माय!" आणि आपल्या पदरानं माझ्या नाकावरची काजळी पुसली.

डोंगरगडला तिचा जावई छत्री घेऊन उभा होता. मी तिला हात देऊन उतरवलं, मग गाठोडं, मग टोपली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मामीजी, कोनासंगं आल्या?"

कौतिकाबाईनं ताठ उभं राहून माझ्याकडे बोट केलं. "ह्या मास्तरीनबाईसंगं."

कमिटीनं मला घ्यायच्या आधी मला तिनं घेतलं, ईरा.

गाडी सुटली आणि डब्यात कोणी उरलं नाही. तुझ्या सिनेमातली बाई ज्या मोकळ्या जागेसाठी इतकं चालली, ती मला अशी बसल्या जागी मिळाली. डोंगर मागे पडले, सपाट मुलूख आला, खिडक्या उघडल्यावर सगळीकडून वारा. अशा वेळी माणसाला आपण कोण ते कळतं म्हणतात. मला काय कळलं ते सांगते. आधी मी ट्रंक उघडली आणि माझ्या लुगड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या, माझ्या पद्धतीनं. मायच्या घड्या मला लहानपणापासून पटत नव्हत्या, हे मला त्या डब्यात कळलं. मग मी समोरच्या बाकावर पाय पसरून बसले. मग शिदोरी सोडली. मायनं सोबतीच्या बाईसाठीही भाकरी दिली होती. कौतिकाबाईनं तिच्यातली अर्धीच खाल्ली होती, तिची उरलेली आणि माझी सगळी मी खाल्ली. मला भीती वाटत नाही, भूक लागते, हेही त्याच दिवशी कळलं. एवढंच. पण ते जन्मभर पुरलं.

कमिटीत मधल्या खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"साथ में कौन आया है?"

सकाळभर लावलेली सगळी इंग्रजी वाक्यं बाजूला राहिली. मी म्हटलं, "कोई नहीं आया, जी. मैं किसी को पहुँचाकर आई हूँ."

ते बाजूच्या गृहस्थांकडे बघून हसले. मग त्यांनी इंग्रजीचं पुस्तक पुढे केलं आणि मी वाचलं. बोगद्यातल्या आवाजात.

त्या रात्री शाळेतल्या एका बाईंकडे राहून मी दुसऱ्या दिवशी परत आले. परतीच्या गाडीत मी एकटी होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, त्यामुळे त्या प्रवासातलं आज काही आठवत नाही. आठवतं ते थेट बांधीतलं. पाणी पडलं नव्हतं. पुंजणं रचून झालं होतं आणि बाबूजी त्याला टेकून उभे होते, केसांत तणसाच्या काड्या. मी आधी जागा मिळाल्याचं सांगितलं, मग सगळं सांगितलं. दरेकशाच्या दारातलंही.

त्यांनी केसांतली एक काडी काढून बोटांत फिरवली. मला वाटलं, शब्द मोडला असं म्हणतील.

"म्हंजे मी त्याले पोरगी देल्ली," ते एकेक शब्द जोखून म्हणाले, "अन त्यानं मले म्हातारी देल्ली."

"हो."

"अन दोघी पोचल्या."

"हो, बाबूजी. आणि कोंबडी."

तेव्हा ते हसले. हसत हसत पुंजण्यावरून घसरून खाली बसले. त्या वर्षीच्या मंडईत त्यांनी ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, करणाऱ्यांनीही ती उचलली आणि मिशावाल्या गड्याला लुगडं नेसवून मांडवात कोंबडीसकट नाचवलं. मायनं पुन्हा कपाळावर हात मारला. या वेळी मात्र ती हसत होती.

ईराच्या आईनं मला समजवायला सांगितलं होतं, आणि मी भलतंच सांगत बसले असं तिला वाटेल. ईरा, मी तुला सोबत कोण असं विचारणार नाही. तुझ्या सिनेमातल्या बाईनं मला आवडावं असं पुष्कळ केलं. फक्त तिच्या वाटेवर एकही कौतिकाबाई आली नाही याचं मला वाईट वाटलं. तुझ्या वाटेवर येवो. आणि तू निघायच्या आधी, माझ्या बाबूजींनी पुढे काय केलं ते ऐक.

भारी धान सगळं घरात आल्यावर मी राजनांदगावला रुजू व्हायला निघाले. बाबूजी पुन्हा स्टेशनवर आले, या वेळी धुतलेल्या धोतरात. नेहमीप्रमाणे ते जनाना डब्यापाशी गेले आणि खिडकीतून आत डोकावले. आत पुष्कळ बाया होत्या, पोरं होती, बोचकी होती. मला वाटलं आता ते कोणाच्या तरी माणसाला शोधणार. मी थोडी हिरमुसलेही.

बाबूजींनी खिडकीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "बायांनो, माही पोरगी बसून राहिली या डब्यात. कोनाले काई लागलं, कोठी उतरायचं समजलं नाई, तं तिले सांगजा."

गाडी हलली. या वेळी ते गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत उभे होते. मी पदर खोचला, ट्रंक ओळीत लावली, आणि दारापासून सुरुवात करून एकेकीला विचारायला लागले की कोणाला कुठे उतरायचं आहे.